किर्केनेस, सकाळचे आठ

आठला रक्त घ्यायचं. सकाळ
घड्याळात आहे, खिडकीत नाही;
नोव्हेंबरअखेर गेलेला सूर्य
जानेवारी अर्धा सरल्यावर येईल.

शीर सापडेना. नर्स ओद्रुन म्हणाली,
हात किती गार तुझे!
एकोणीस वर्षं गारच आहेत, आई म्हणाली.
मी एकोणीस वर्षांची.

दुपारी कागद आला.
कॉर्टिसॉल तळाशी.
थायरॉइडचा साठा संपत आलेला,
आणि टीएसएच म्हणे नॉर्मल.
त्याच शब्दावर बोट ठेवून डॉक्टर थांबले:
घर गारठलंय, तरी
लाकडं आणा म्हणून कुणी हाकच मारत नाही,
हे कसलं नॉर्मल?

मग हळूच,
बाळंतपणात रक्त फार गेलं होतं?
दोन चादरी मोजल्या, आई म्हणाली. पुढचं आठवत नाही.
आणि दूध?
तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
आलंच नाही.

प्रोलॅक्टिन, शेवटची ओळ, जवळजवळ शून्य.
वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी,
त्या रात्री माझ्यापायी उपाशी राहिलेली.

आधी कॉर्टिसॉलची गोळी, थायरॉइडची मागाहून.
क्रम चुकवू नका, त्यांनी दोनदा बजावलं.

गाडीत आईने हातमोजा काढून
हात माझ्या हातात दिला.
गारच होता.
किल्ली लावायची राहूनच गेली.