चादर पांढरीच हवी

नांदेडच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात
सरांनी फळ्यावर लिहिलं होतं,
पाहुण्यांची चादर पांढरीच हवी.
मी वहीत उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.
सर वसमतचे नव्हते.

आमच्याकडं फाल्गुनात
म्हैससुद्धा गुडघ्यापर्यंत पिवळी असते.
नोटा पिवळ्या, लाइटचं बटण पिवळं,
धाकट्याच्या गणिताच्या वहीत
हातचा एक पिवळ्या अंगठ्याखाली दबलेला.

खोल्या दोन. एक बोअरकडची,
एक हळद शिजवायच्या कुकरकडची.
पुण्याच्या दिवेकर मॅडमला कुकरकडची मिळाली.
रात्री विचारलं, सकाळी सुशीला चालंल का?
म्हणाल्या, चालेल, पण नऊच्या आत पाठवू नका तिला,
मला उठायला उशीर होतो.

पहाटे चारला कुकरनं वाफ सोडली
अन् मॅडम दारात, शाल गुंडाळून.
माफी मागायला मी तोंड उघडलं
तर त्याच म्हणाल्या, मी पण येऊ?

नऊ वाजता बांधावर मुरमुऱ्यांची ताटली दिली,
वर शेंगदाणे, कोथिंबीर.
ही सुशीला, म्हणलं.
त्यांनी ताटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं,
अन् हसता हसता ठसका लागला त्यांना.

मोडणीला बसल्या
गयाबाई अन् शेहनाजच्या मधी,
उकिडवं जमेना म्हणून पालथ्या घमेल्यावर.
दुपारपर्यंत त्यांचं दीड कॅरेट भरलं.
शेहनाजचे सहा.

गयाबाईनं विचारलं, ह्यांची हजेरी किती लावायली?
मी सांगितलं ते सरांचंच,
शेतीचा अनुभव, पाचशे रुपये,
पाहुण्यांकडून घ्यायचे.
गयाबाईच्या हातातला गड्डा तसाच राहिला.
"म्हंजी ह्या पैशे देऊन मोडायल्यात?
मंग व माय,
माझ्याकडं तर तीस वर्साची बाकी निघंल की!"
सगळ्या हसल्या.
मॅडम पण हसल्या, जरा मागून.

संध्याकाळी बिल करायला घेतलं.
खोली. दोन जेवणं. सुशीला एक.
अनुभवापाशी पेन थांबलं.
पाचशे मिळवू, का तीनशे वजा करू?
रकाना कोराच ठेवला.
मॅडमनं स्वतःच्या पेनानं त्यात लिहिलं,
दीड कॅरेट.

सकाळी पळत आल्या, हात ओले.
चादरीवर त्यांचा पंजा उमटलेला,
भिडंपोटी साबण लावला गुपचूप,
तर डाग लालभडक.
मला वाटलं काय कापलं की काय, म्हणाल्या.
म्हणलं, भिऊ नका,
साबण लागला की हळद अशीच लाल होती.
धुऊ नका तिला. उन्हात टाका.
ऊन खातं.

तीनच्या परभणी गाडीनं त्या गेल्या.
चादर दोन दिवस तारेवर होती.
बोटं गेली आधी, मग तळवा.
अंगठा ऱ्हायला.

शनिवारी जालन्याचं जोडपं आलं.
तीच चादर अंथरली मी,
अंगठ्याची बाजू
पायाकडं करून.