सिसाकलम

सिरॅक्यूज, एप्रिलचा दुसरा आठवडा.
पाच महिने बंद असलेल्या खिडक्या
आज गल्लीभर एकदम उघडल्यात.
लाकूड लाकडावर घासतं
आणि शंभर वर्षांचे रंगाचे थर
पिठीसारखे खाचेत बसतात,
बरोबर तीन वर्षांच्या पोराच्या हनुवटीच्या उंचीवर.

मी कौंटीची माणूस. हातात पिवळं यंत्र,
भिंतीला टेकवलं की आकडा सांगणारं.
दुभाषी फोनवर येणार होता, आला नाही.
दिलमाया दारात उभी, कडेवर सुवन.
रक्तात एकोणीस.
ती नेपाळी बोलते, मी मराठी,
मधे दोघींचं मोडकं इंग्रजी
आणि तिने न विचारता टाकलेला चहा.

'शिसं,' मी म्हणाले, दुसरं काही सुचेना म्हणून.
'सिसा?'
'हो, हो, सिसा!'
शब्द सापडल्याचा एवढा आनंद झाला
की क्षणभर विसरले, तो कशाचा शब्द आहे.

ती आत गेली, परत आली ती पेन्सिल घेऊन,
मोठ्या मुलीची, टोकाशी चावलेली.
'सिसाकलम,' म्हणाली, चोर पकडून आणावा तशी,
आणि माझ्यासमोर काडकन मोडून
दोन्ही तुकडे कचऱ्यात टाकले.

आमच्याकडेही शिसपेन्सिलच म्हणतात, बाई.
पण तिच्यात शिसं नसतं. कधीच नव्हतं.
हे हातवाऱ्यांनी कसं सांगायचं?
मी तिला मनगट धरून खिडकीशी नेलं,
यंत्र चौकटीला टेकवलं.
तिने आकडा पाहिला,
मग खाचेतल्या धुळीत उमटलेली चार छोटी बोटं.
तो रंग गोड लागतो, हे मी सांगितलं नाही.

पुढचं डॉक्टर सांगतील, किंवा घाईत राहून जाईल:
मेंदूच्या दाराशी कॅल्शियम येतं,
दुधातलं, ओळखीचं, हाडं बांधणारं.
शिसं त्याचंच सोंग घेऊन येतं
आणि दार उघडतं,
कारण ते वयच दारं उघडायचं असतं.
मग जिथून एक पेशी दुसरीला हाक मारते
तिथे ते ठाण मांडून बसतं.
हाक जाते.
ओ येत नाही.

माझे वडील कराडला छापखान्यात खिळे जुळवायचे.
झिजलेला एखादा खिळा खिशातून घरी आणायचे,
शिशाचा, गार, उलटा.
'अ' मी तसाच शिकले,
तळहातावर दाबून सुलटा करत.
जिभेवरही ठेवायचे. चव अजून सांगू शकते.
धाकटा भाऊ 'क' गालात धरून झोपायचा.
तो सातवीत बसला तो बसलाच.
'लक्षच नाही कार्ट्याचं,' सगळे म्हणायचे,
वडीलसुद्धा,
शाईच्या हातांनी त्याला बडवताना.
आमचं रक्त कोणी मोजलं नव्हतं.
भावाचं काय गेलं, काय मुळातच नव्हतं,
अजून ठरवता येत नाही मला.
गेलेल्याची पावती मिळत नाही.

फॉर्मवर रकाना आहे: मुलाला किती शब्द येतात?
दिलमाया बोटांच्या पेरांवर मोजते:
आमा. पानी. बत्ती. होइन.
पाचव्या पेरावर अंगठा थांबतो.
ती पुन्हा पहिल्यापासून मोजते,
जणू मोजण्यातच चूक झाली असावी.

तेवढ्यात सुवन कडेवरून सरकला,
कचऱ्यातून अर्धी पेन्सिल काढली
आणि भिंतीवर रेघ ओढत चालू लागला,
वर, खाली, न तुटता,
कोणाला तरी पत्र लिहीत असल्यासारखा,
थेट खिडकीपर्यंत.

मी पुढे होऊन खिडकी लावली.
सावकाश, धूळ उडू नये म्हणून.
दिलमाया माझ्याकडे बघत राहिली.
बाहेर पाच महिन्यांनी ऊन पडलं होतं.