सेकंदाला एक

गुत्ता बंद केला तेव्हा बाकं विकली,
पेले गेले डझनाच्या भावात,
नळाची पितळी मूठ एका जर्मनाने नेली.
सिलिंडर मात्र कोणी विचारला नाही.
दहा किलोचा, राखाडी, खांद्याला पोचा पडलेला,
सव्वीस वर्षं झातेत्सच्या बिअरला फेस पुरवलेला.

खालच्या दुकानातला ख्वा,
आईबाप व्हिएतनामचे, हा जन्मला इथेच,
शिव्यासुद्धा इथल्याच देतो,
काचेला नाक लावून म्हणाला,
काका, तुमची झाडं उपाशी आहेत.
म्हटलं, खत घालतो की.
म्हणाला, त्यांना ती हवा लागते,
तुमच्या जिन्याखाली पडून आहे ती.

म्हणून रविवारी ओट्यावर पाना, टॉर्च,
वॉशर नवा.
जुना वॉशर म्हणजे जुना जामीनदार,
ऐन वेळी गळतो.
रेग्युलेटर हाताने बसवला, मग पान्याने पाव आटा.
वाटीत साबणाचं पाणी, दाढीचा ब्रश,
सांध्या-सांध्याला फेस लावला
आणि चष्मा चढवून बसून राहिलो.
तिसऱ्या सांध्यावर एक फोड आली, हळूच फुगली.
आवळला. पुन्हा फेस. आता गप्प.

कॉक उघडला, काटा सत्तावन्नवर.
सुईचा व्हॉल्व्ह केसाएवढाच फिरवा, ख्वा म्हणाला.
मी अख्ख्या तळव्याने नळ ओढणारा माणूस.
कुपीत बुडबुडा आला.
बऱ्याच वेळाने दुसरा.
टाकीच्या कोपऱ्यात काचेचा थेंब लटकवला,
आत निळं पाणी.
हा हिरवा झाला की पुरे, ख्वा म्हणाला,
पिवळा झाला की धावा.

माझे वडील, वाव्रिनेत्स,
तळघराच्या एकोणीस पायऱ्या
मेणबत्ती गुडघ्याखाली धरून उतरत.
ज्योत लवली की पाऊल मागे.
म्हणत, ही हवा चोरासारखी येत नाही रे,
ती आधीच येऊन बसलेली असते,
पायाशी, कुत्र्यासारखी.
यारोमीरने एकदा विझलेल्या ज्योतीला
वारा समजून पुन्हा काडी ओढली.
दुसऱ्यांदाही.
त्याच्या टोपीची खुंटी दारामागे होती.
ती मी विकली नाही.
मागितलीही नाही कोणी.

दुपारी मला हाव सुटली.
एका बुडबुड्याने कोणाचं पोट भरतं?
दोन केले. तीन.
जरा डोळा लागला.
उठलो तर थेंब पिवळा, लिंबाच्या सालीसारखा,
आणि सगळे मासे वर,
पाण्याच्या कातडीला तोंडं लावून.
ती तोंडं मी कधी पाहिली नव्हती,
फक्त ऐकली होती, वडिलांकडून.

व्हॉल्व्ह बंद. खिडकी सताड.
लिटरचा बिअरचा जग घेतला
आणि टाकीतलंच पाणी उंचावरून टाकीत ओतत राहिलो,
पाऊण तास, खांदा भरून येईतो.
एकेक करून खाली गेले.
एक टेट्रा वरच राहिला संध्याकाळपर्यंत,
रुसल्यासारखा.
ख्वाला सांगितलं तर हसला नाही पोरगा.

आता टायमर आहे. गॅस दहाला, दिवा बाराला.
सेकंदाला एक, त्याहून जास्त नाही.
तीन वाजता थेंब हिरवा असतो,
कच्च्या हॉपच्या फुलासारखा,
आणि रोतालाच्या पानांखाली
मणी धरू लागतात, सुटतात, वर जातात.
आत जाते ती वडिलांनी टाळलेली हवा.
बाहेर येते
ती यारोमीरला हवी होती.
मी काच ओल्या फडक्याने पुसतो,
गल्ल्यापाशी उभा असल्यासारखा.

सिलिंडर किती पुरेल, विचारलं.
गुत्त्यात चार दिवसांत संपायचा.
ख्वाने मोबाइलवर हिशेब केला,
म्हणाला, पाच वर्षं तरी.
मी एक्काहत्तरचा.
बघू, आधी कोण रिकामं होतं ते.
तिसरा सांधा रोज साबणाने तपासतो.