सतरा नंबर

रबाळ्याच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
मे महिन्यात मुलं नसतात, चोवीस मशिनं असतात.
महाप्याच्या कुठल्याशा कंपनीने दिलेली.
देताना पुसून दिली, हे खरं,
पण आत कुणाचा कुणाला मेळ नाही:
अकरांचं ग्राफिक्स बोर्डावरच,
नऊंना हिरव्या पट्टीची जुनी कार्डं,
चारांना लाल.

मागच्या वर्षी सगळं हाताने केलं होतं,
इथे हा ड्रायव्हर, तिथे तो, जसं सुचेल तसं.
जुलैत पाचवी ब ने वर्तुळ काढलं
तर अर्ध्या पडद्यांवर अंडं.
वेदश्री तांडेल रडली, माझं गोल आहे म्हणाली.
तिचं गोलच होतं.
पडदा पसरट होता, आणि तो मी केला होता.

"मढवी, यंदा सगळी सारखी करा,"
मोठ्या बाई म्हणाल्या आणि ट्रेनिंगला गेल्या.

म्हणून यंदा एक फाइल लिहिली.
आधी कार्डाला नाव विचार,
मग त्याचा त्याला ड्रायव्हर दे,
ओळख पटली नाही तर साधा चालव,
पण रुंदी-उंचीला हात लावू नकोस.
आपल्या भाषेत एवढंच.
तिकडच्या भाषेत एकशे बारा ओळी,
त्यातली एक फक्त स्वल्पविरामासाठी रात्रभर जागवणारी.

पेनड्राइव्ह घेऊन रांगेने गेले,
हळदीकुंकवात अत्तर लावत जावं तशी.
सोळापर्यंत सगळ्यांनी हात पुढे केले.

सतरा काळं.

पंखा फिरतोय. डिस्क कुरकुरतेय.
कॅप्स लॉक दाबलं, दिवा लागला.
पुन्हा दाबलं, विझला.
म्हणजे ऐकतंय,
फक्त तोंड दाखवत नाही.

सोळावर बसून वायरीतून हाक मारली.
लगेच ओ दिली.
नाव सांगितलं, वेळ सांगितली,
किती मेमरी शिल्लक तेही सांगितलं,
सगळं सुरळीत आहे म्हणालं,
आणि मी त्याच्या काळ्या काचेत बघत होते
माझाच चष्मा, घामाने नाकावर घसरलेला.

नोंदींच्या तळाशी सापडलं.
हिरव्यांतलं हे सगळ्यात म्हातारं,
नव्या ड्रायव्हरने त्याला दारातूनच परत पाठवलं होतं.
उघडून हाताने केलं असतं तर दोन मिनिटं.
केलंही असतं.
पण हाताने केलेलं हाताबरोबर जातं,
आणि माझं कंत्राट मार्चपर्यंतचं.

फाइलीत एकशे तेरावी ओळ घातली.
मग पुन्हा पहिल्यापासून. चोवीसच्या चोवीस.

गजमल काका कुलूप घेऊन वर आले, साडेआठला.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, वाशीला.
कधी हा डोळा झाकून, कधी तो,
पडदे बघत फिरले.
"उजव्याने निळसर पांढरं दिसतं,
डाव्याने चहा सांडल्यासारखं."
मी विचारलं, मग खरं कुठलं?
"दुसऱ्याचं झालं की जुळेल म्हणतात.
तोवर विचारायचं नाही."

शेवटी प्रत्येक पडद्यावर एक वर्तुळ काढलं
आणि डब्याचं झाकण लावून बघितलं.
एक, दोन, तीन. काका मोठ्याने मोजत होते,
मी झाकण फिरवत होते,
कुठून कड बाहेर येतेय का बघत.
सतरावर रेष हळूहळू उमटली,
थांबत, मागे शेपूट सोडत,
पण मिळाली. जिथून निघाली तिथेच.

बावीसला झाकणाचं लोणच्याचं तेल लागलं.
ओढणीने पुसलं.
मग काकांनी मेन स्विच खाली केला.