नोव्हेंबरातला आकडा

नोव्हेंबरात एक दिवस येतो आमच्याकडे,
सरकार सगळ्यांची मिळकत उघडी करतं.
कोत्काच्या कर कचेरीत एक कॉम्प्युटर असतो,
नाव टाका, आकडा घ्या.
मत्सराचा दिवस म्हणतात लोक त्याला, हसून म्हणतात,
आणि रांगेत उभे राहतात.

यंदा बहिणीचा नवरा ओस्मो उभा राहिला.
रात्री बटाटे वाढता वाढता
त्यानं माझा आकडा सांगितला,
उद्या बर्फ पडेल, असं सांगावं तसा.
अठ्ठेचाळीस हजार तीनशे सहा.
बहीण म्हणाली, एवढे?
ओस्मो म्हणाला, एवढेच?
मी मीठ मागितलं.

त्या शेवटच्या सहाबद्दल मी विचार करत होते.
ते सहा युरो कुठल्या रात्रीचे असतील?
फेब्रुवारीतल्या त्या, जेव्हा तीन वाजता फोन थरथरला,
बाविसाव्या रॅकमध्ये डिस्क गेली होती,
आणि गाडीच्या काचेवर बोटभर बर्फ?
खरवडणी सापडेना,
तेव्हा पाकिटातलं सर्टिफिकेटचं कार्ड काढलं.
माझं नाव, हेन्रीका लेह्तोला,
खाली सोनेरी अक्षरांत माझी पात्रता,
आणि कडा अगदी हव्या तेवढ्या धारदार.
मार्चमध्ये त्याची मुदत संपते.
परत परीक्षा. पास झाले तर फी कंपनीची,
नापास झाले तर माझी.
मला येतं ते दुधासारखं आहे,
तारखेनंतर कोणी पीत नाही,
नासलेलं नसलं तरी.

आमचा हॉल पूर्वी कागदाची गिरणी होता.
जमिनीत तीन नंबरच्या मशीनचे बोल्ट
अजून आहेत, कापून सपाट केलेले,
ट्रॉली त्यांच्यावरून जाते तेव्हा टक् वाजतं.
त्या मशीनवर बाबा एकतीस वर्षं होते.
फिरत्या रिळावर तळवा ठेवून
कागदात पाणी किती ते सांगायचे.
त्यांच्याकडे कार्ड नव्हतं कुठलंच.
गिरणी बंद झाली तेव्हा फॉर्मवर
कौशल्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : तळवा.
पोरीनं खोडून ‘मशीन चालक’ केलं.
ती पोर मी.

सर्व्हरची गरमी वाया जात नाही आमच्याकडे,
पाइपातून गावात जाते,
बाबांच्या खिडकीखालच्या रेडिएटरमध्येही.
ते त्याला पाठ टेकून बसतात, लोकरीच्या मोज्यांत,
आणि फोन करतात :
आज तुमच्याकडे काम जास्त दिसतंय.
एकदा रात्री अकराला म्हणाले,
हेन्रीका, पाइप कोमट पडलाय, बघ गं.
पडद्यावर तेव्हा सगळं हिरवं होतं.
सात मिनिटांनी लाल झालं,
पंप बसला होता.
अहवालात मी लिहिलं : बिघाड वेळेत लक्षात आला.
कोणाच्या, ते विचारायला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी मीही गेले रांगेत.
स्वतःचं नाव टाकलं नाही. ओस्मोचंही नाही,
मनात होतं खरं.
टाकलं : आउलिस लेह्तोला.
पडदा तसाच. गोल फिरतंय, फिरतंय.
मागचा म्हातारा खोकला.
सवयीनं वाकले टेबलाखाली,
नेटवर्कची केबल सैल होती, पिन मोडकी,
बोटानं दाबून, खाली कार्डाची पाचर लावून बसवली.
आकडा आला.
एवढासा होता, शेवटी सहा वगैरे काही नाही,
दोन शून्यं.

उठले तर म्हातारा विचारतो,
तुम्ही इथंच कामाला का?
नाही म्हटलं मी.
मग चार पायऱ्या उतरल्यावर आठवलं
कार्ड टेबलाखालीच राहिलं.