पायऱ्या वगळून

पिट्सबर्गमध्ये काही रस्ते खरं तर जिने आहेत.
कागदोपत्री रस्ता, पाटीवर रस्ता,
नकाशात इतरांइतकीच जाड राखाडी रेघ,
आणि जाऊन बघावं तर ऑर्लिक स्ट्रीट म्हणजे
एकशे अडुसष्ट पायऱ्या, गंजका कठडा
आणि मधल्या वळणावर कोणीतरी विसरलेला हातमोजा.
पिझ्झावाला पोरगा खालून फोन करतो:
घर दिसतंय तुमचं, पण येऊ कुठून?

मला काम दिलंय एका बटणाचं.
नकाशाच्या कोपऱ्यात बसेल, दाबलं की
जिने रस्त्यांतून वेगळे होऊन लाल होतील
आणि वाट वळसा घालून, पण पायऱ्या टाळून जाईल.
तयार मिळतात ती बटणं ठरलेली:
अधिक, उणे, मी कुठे आहे.
जिन्याचं कोणी केलेलं नाही.

म्हणून एक रिकामा चौकोन घेतला.
त्याला पांढरी पाठ दिली, खाली जराशी सावली,
म्हणजे तो नकाशावर तरंगल्यासारखा वाटेल.
आत जिन्याचं चित्र, चार वेळा काढलं.
पहिलं डेव्हनला विक्रीचा आलेख वाटलं,
तिसरं त्याला आवडलं, मला नाही.

मग ती जुनी खोड.
बटण दाबलं की खालचा नकाशाही हलतो,
पटकन दोनदा दाबलं तर अंगावर येतो.
बोट टेकतं वर, आणि दाब झिरपतो खाली,
वरच्या बिऱ्हाडाचं पाणी आपल्या छतातून यावं तसा.
त्यावर एका ओळीचा इलाज आहे:
हा स्पर्श इथेच थांबव, पुढे जाऊ देऊ नकोस.
ती लिहिली आणि तिच्याकडे बघत बसले थोडा वेळ.
आज सकाळी घरात दुधावरून जे झालं
ते दुधावरून नव्हतंच.

गुरुवारी वाचनालयात चाचणी.
वेरा हुडॅक, वय एक्याऐंशी, ऑर्लिकच्या माथ्यावर राहते.
उजव्या हातात काठी, डाव्यात फोन.
डावा अंगठा वरच्या उजव्या कोपऱ्याकडे निघतो,
अर्ध्यात पोचतो, परत येतो,
पुन्हा निघतो.
मी बटण तिथे ठेवलं होतं
कारण सगळे तिथेच ठेवतात.
तिने काठी टेबलाला टेकवली, ती घसरून पडली,
सगळ्या वाचनालयाने वर बघितलं.
"कोणासाठी केलंयस हे?" तिने विचारलं,
खरंच माहिती हवी असल्यासारखं.

कोपरा बदलायला एक शब्द पुरतो.
खाली, डावीकडे. तिच्यासमोरच बदलला,
रुंदी दुप्पट केली. अंगठा न ताणता पोचला.
जिने लाल झाले, सगळी टेकडी ओरखडल्यासारखी,
आणि निळी वाट दीड मैल वळत वळत
तिच्या दारापाशी गेली.
वेरा हसायला लागली.
"मी कधी गेले नाही गं या वाटेने. जिन्यानेच जाते."
मग हे बटण?
"असू दे. दाबायचं की नाही ते मी बघीन.
आणि ते एकशे अडुसष्ट चूक आहे. एकशे एकाहत्तर.
खालच्या तीन डांबराखाली गेल्या,
पण मी त्या मोजते."

तिला सोडायला गेले.
ती पुढे, काठी आधी, मग पाय, मग कठड्यावरचा हात;
मी मागे, लॅपटॉपची पिशवी खांद्यावर, धापा टाकत,
हातमोज्यापाशी थांबायला निमित्त शोधत.
वर पोचल्यावर मोनोंगहेला दिसली, तिच्यावरचे पूल,
आणि खाली गाडी वळवायला जागा शोधणारा कोणीतरी.

मला एकशे सत्तर भरल्या.
रात्री माहितीच्या रकान्यात आकड्यापुढे
"अंदाजे" टाकलं,
आणि बटण पुन्हा एकदा दाबून बघितलं.
नकाशा हलला नाही.