सोळावं

दगा आप्पांनी चार दिवस आधीच
रिकाम्या बाटल्यांच्या तोंडावर कांदे बसवले,
बूड पाण्याला टेकेल न टेकेल असे.
आज सकाळी सातला मुळांची टोकं छाटली.

अमळनेर. दुसरा मजला. मार्च.
पंखे बंद, काचा उडतात म्हणून.
शिरक्याचा वास, लाल बोटं,
टिपकागदावर अंगठे दाबून बसलेला वर्ग.

सुरमी पावराची स्लाइड आधी लागली.
"मॅडम, पंधरा रेषेवर आहेत. एक बाजूलाच."

मी फळ्यावरचंच पुन्हा सांगितलं:
गुणसूत्राच्या कमरेशी प्रथिनांच्या दोन मुठी,
एकीनं इकडचे धागे धरायचे, दुसरीनं तिकडचे.
दोन्हीकडून ओढ लागली तर ताण येतो.
ताण नाही, म्हणजे गाठ चुकली.
मग ऑरोरा नावाचं प्रथिन
(कुणीतरी पहाटेचं नाव ठेवलंय त्याला)
चुकलेली गाठ सोडवतं,
पुन्हा धर म्हणतं. कितीही वेळा.
आणि जिची मूठ अजून रिकामी
ती एकटी सबंध पेशी अडवून धरते.

आप्पा दारात. "मी देखू का?"
चष्मा कपाळावर सरकवला,
डावा हात खिशात; त्याची करंगळी अर्धीच आहे.
इथं लागण्याआधी ते मिलमध्ये सांधेवाले होते.
बराच वेळ वाकून राहिले.

"ह्या ते चात्याच शेतस," म्हणाले.
मग, डोळा न काढता:
"आमना खातामा एक तार तुटना
ते बाकीना चालूच ऱ्हायेत.
पयत जाईसन सांधनं पडे.
आठे सगळा थांबेल शेतस?
एकनाकरता?"

हो, आप्पा.

पुढचं मी बोलले नाही:
की ही पेशी सकाळी सातलाच संपली,
तुमच्याच ब्लेडनं, माझ्याच सांगण्यावरून.
सोळावं आता पोचणार नाही.
आणि पंधरा तशीच उभी, रंगात बुडालेली,
दोन्हीकडून ताणलेली,
त्याच्याशिवाय न निघालेली.

पुस्तकातल्या आकृतीत सोळाच्या सोळा रेषेवर असतात.
सुरमीनं जर्नलात पंधराच काढली,
एक कडेला, पेन्सिल जरा दाबून.
मागच्या बाकावरून कुणीतरी खोडरबर पुढे केलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी सही केली. तारीख घातली.
आप्पा खाली कांदे बदलायला गेले.